जपानीत स्वतःची ओळख: पहिल्या दिवशी काय बोलावं आणि कुठे थांबावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मेकॅनिकल डिप्लोमा केलेले, साताऱ्याकडचे, आडनाव शिंदे. दोन महिन्यांपासून एन-५ चा (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतली सर्वांत सोपी पातळी) वर्ग करताहेत आणि ऑक्टोबरमध्ये नागोयाजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात रुजू होणार आहेत. त्यांनी इकडून-तिकडून जमवून चौदा वाक्यांची ओळख पाठ केली आहे: नाव, वय, गाव, वडील काय करतात, आई गृहिणी आहे, शिक्षण, छंद, स्वप्न. वर्गात म्हणून दाखवल्यावर शिक्षक म्हणाले की हे घोकलेलं वाटतं. आता यातलं काय ठेवावं, काय काढावं, आणि ‘वाताशि नो नामाए वा’ (‘माझं नाव’) असं म्हणणं चूक आहे का, असं त्यांनी विचारलंय.

शिंदे, चौदातली नऊ वाक्यं आत्ताच बाजूला काढा. फेकू नका, पुढे लागतील. पण पहिल्या दिवशी उभं राहून बोलायची ती नाहीत.

मी पुण्यात जपानी शिकवते आणि चाकण भागातल्या कारखान्यांत दुभाषी म्हणूनही काम करते. आपल्या मुलांची ओळख व्याकरणात क्वचितच फसते. ती लांबीत फसते, आणि नावात फसते. आपल्याकडे मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की बालपणापासून ध्येयापर्यंत सगळं सांगायची सवय असते. जपानी ओळख, म्हणजे जिकोशोऽकाइ, हिचं काम फार थोडं असतं. समोरच्याला तुमचं नाव नीट ऐकू यावं, ते त्याला उच्चारता यावं, तुम्ही कुठून आलात आणि इथे कशासाठी आहात एवढं कळावं. बाकीचं तो स्वतः विचारणार असतो, आणि विचारायला जागा ठेवणं हाच त्यातला शहाणपणा आहे.

तुमचा प्रसंग नक्की कसा असेल ते आधी डोळ्यांसमोर आणा. जपानी कारखान्यांत सकाळी पाळी सुरू होण्याआधी सगळे एकत्र उभे राहतात, त्याला चोऽरेइ म्हणतात. बऱ्याच ठिकाणी आधी रेडिओच्या सुरावर हातपाय मोकळे करण्याचे व्यायाम होतात, मग दिवसाच्या कामाच्या आणि सुरक्षेच्या सूचना, आणि नवा माणूस आला असेल तर त्याची ओळख. जागा मोठी असते, पंखे आणि कॉम्प्रेसरचा आवाज असतो, आणि समोरच्यांचं अर्धं लक्ष पुढच्या कामात असतं. तुम्हाला मिळणार वीस-तीस सेकंद. तिथे वडिलांचा व्यवसाय ऐकायला कोणी तयार नसतं. तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला का, हे मात्र प्रत्येकाच्या लक्षात राहतं.

त्यासाठी मी एवढंच देईन:

‘ओहायोऽ गोझाइमास. क्योऽ कारा ओसेवा नि नारिमास, शिन्दे तो मोऽशिमास. इन्दो कारा किमाश्ता. हायाकु शिगोतो ओ ओबोएताइ देस. योरोश्कु ओनेगाइ शिमास.’

जिथे ऽ आहे तिथे स्वर दुप्पट लांबवायचा. याचा मतलब असा: सुप्रभात, आजपासून तुमच्या सगळ्यांच्या मदतीनं काम करणार आहे, मी शिंदे. भारतातून आलोय. काम लवकर शिकायची इच्छा आहे. आणि शेवटचं, ‘माझ्याकडे लक्ष असू द्या’ अशा अर्थाचं वाक्य, ज्याशिवाय ओळख पूर्णच होत नाही. ते ऐकू आलं की तुमचं बोलणं संपलं हे समोरच्यांना कळतं, आणि मग तेही ‘योरोश्कु ओनेगाइ शिमास’ म्हणतात किंवा टाळ्या वाजवतात. म्हणून त्याच्यानंतर काही जोडू नका. मी कित्येकांना हे वाक्य म्हणून झाल्यावर ‘आणि माझा छंद...’ असं पुन्हा सुरू करताना पाहिलंय. समोरचे बिचारे वाकून झालेले असतात.

‘क्योऽ कारा ओसेवा नि नारिमास’ हे वाक्य तुमच्या एन-५ च्या पुस्तकात पहिल्या धड्यात नसेल. तरी ते जसंच्या तसं पाठ करा, व्याकरण नंतर समजेल. रुजू होण्याच्या दिवशी या वाक्याला जितका मान आहे तितका पुस्तकी ओळखीतल्या दुसऱ्या कुठल्याच वाक्याला नाही. ‘हाजिमेमाश्ते’ हवं असेल तर ‘ओहायोऽ गोझाइमास’नंतर घाला, चालतं. फक्त ते पहिल्या भेटीचंच आहे. ज्या पर्यवेक्षकाशी तुमची ऑनलाइन मुलाखत होऊन गेली आहे, त्याला प्रत्यक्ष भेटल्यावर पुन्हा ‘हाजिमेमाश्ते’ म्हटलंत तर त्याला वाटेल की तुम्ही त्याला ओळखलंच नाही.

आता ‘वाताशि नो नामाए वा शिन्दे देस’. व्याकरणानं बरोबर आहे, कोणी चूक म्हणणार नाही. पण उभं राहून स्वतःचीच ओळख करून देताना ‘माझं नाव’ हे सांगायची गरज नसते, म्हणून ते पाठ्यपुस्तकी वाटतं. ‘शिन्दे देस’ पुरतं. त्याहून अदबीचं ‘शिन्दे तो इइमास’, आणि सर्वांत अदबीचं ‘शिन्दे तो मोऽशिमास’. कारखान्यात, कार्यालयात, ग्राहकासमोर हे तिसरं वापरा. मात्र तेही पहिल्याच भेटीचं. आठवड्यानं त्याच माणसाच्या टेबलाशी गेलात की नुसतं ‘शिन्दे देस’. ‘वाताशि’ तर बहुतेक जागी गाळताच येतो. आपण नाही का ‘पुण्याहून आलोय’ एवढंच म्हणत, ‘मी’ न लावता? जपानीत ही सवय आपल्याहून जास्त आहे, आणि दर वाक्याला ‘वाताशि वा, वाताशि वा’ म्हणणारा नवशिका लगेच ओळखू येतो. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, पाहून शिकलेली मुलं ‘मी’साठी रांगडं ‘ओरे’ म्हणतात. कामाच्या ठिकाणी ते अजिबात नको. स्त्री असो वा पुरुष, ‘वाताशि’ हाच शब्द ठेवा.

स्वतःच्या नावाला ‘सान’ हा आदराचा प्रत्यय लावायचा नाही, हे तुम्हाला शिकवलं असेलच. त्याची दुसरी बाजू मात्र शिकवायची राहते: समोरच्याला ‘आनाता’ म्हणायचं नाही. पुस्तकात ‘आनाता’ म्हणजे ‘तुम्ही’ असं दिलेलं असतं आणि आपली मुलं मोठ्या आदरानं ते वरिष्ठांना वापरतात, तर ऐकणाऱ्याला ते खटकतं. नाव माहीत असेल तर नाव आणि सान. माहीत नसेल तर ‘शित्सुरेइ देस गा, ओनामाए वा?’, माफ करा, आपलं नाव, इतकं विचारा.

आता तुमच्या आडनावाकडे येते, कारण या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

परदेशी नावं जपानीत काताकाना लिपीत लिहितात, आणि तिथे आपल्या नावांचं रूप बदलतं. ल, ळ आणि र तिन्ही एकाच र च्या ओळीत जातात. महाप्राण अक्षरं नसल्यानं ख चा क होतो, भ चा ब होतो. जोडाक्षर फोडून मध्ये स्वर येतो. काळे आणि खरे ही आपल्याकडे दोन वेगळी आडनावं, जपानीत दोन्ही ‘कारे’ होतात. शेवटचा ए थोडा ओढला तर ते ‘कारेऽ’ होतं, म्हणजे जेवणातली करी. म्हणून काळ्यांनी पहिला आ लांबवून ‘काऽरे’ लिहावं. पाटलांनी उलट करावं: ‘पाऽतिरु’ असा आ ओढला की ‘पाऽती’, म्हणजे पार्टी, हा शब्द ऐकू येतो, त्यापेक्षा आखूड ‘पातिरु’ बरं, त्यातला ति आपल्या ‘ति’सारखाच. प्राजक्ता ‘पु-रा-जा-कु-ता’ होते. संकेत, रोहित अशी व्यंजनान्त नावं ‘संकेत्तो’, ‘रोहित्तो’ अशी होतात.

आणि शिंदे. ‘शिन्दे’ हा उच्चार ‘मरणे’ या क्रियापदाच्या एका रूपाशी तंतोतंत जुळतो. कोणी हसणार नाही, जपानी माणसं याबाबत फार सांभाळून वागतात, पण ऐकणारा क्षणभर अडखळतो आणि नाव त्याच्या कानात नीट बसत नाही. उपाय सोपा आहे. ते क्रियापद सपाट स्वरात म्हटलं जातं, म्हणजे ‘शि’ खाली आणि पुढचं वर चढून तसंच राहतं. तुम्ही ‘शि’ उंच घ्या आणि ‘न्दे’ खाली आणा. मराठीत आपण हाक मारताना ‘शिंदेऽ’ म्हणतो तसं शेवटी चढवू नका. नाव म्हणायच्या आधी किंचित थांबा, नाव सावकाश म्हणा, मग पुन्हा किंचित थांबून ‘तो मोऽशिमास’. आणि तरी संकोच वाटला तर पहिलं नाव द्या. अक्षय असाल तर ‘आकुशाइ तो योन्दे कुदासाइ’, मला अक्षय म्हणा. जपानी लोक एकमेकांना आडनावानंच हाक मारतात, पण परदेशी माणसाच्या बाबतीत तो सांगेल ते नाव आनंदानं घेतात. ठरवायचं तुम्ही, आणि जायच्या आधी ठरवायचं.

काताकानातलं रूप एकदा ठरलं की सगळीकडे तेच ठेवा, हे अगदी ठासून सांगते. निवास कार्डावर तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे रोमन लिपीत येईल, आणि आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं असतं, त्यामुळे तिथे तिन्ही नावं लागोपाठ दिसतील. बँक खातं उघडताना मात्र काताकाना लागतं, आणि पगार जमा करताना ते रूप जुळावं लागतं. कंपनीत ‘शिन्दे’ आणि बँकेत ‘शिन्देऽ’ असं झालं तर पैसे अडकू शकतात. बोलताना मधलं नाव घ्यायची गरज नाही. तीन नावं ऐकल्यावर यातलं हाक मारायचं कुठलं, हे समोरच्याला कळत नाही.

उच्चाराचं एक खास मराठी दुखणं आहे. आपले विद्यार्थी जपानी वाक्यं देवनागरीत लिहून घेतात. आपल्या शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायची सवय पक्की, म्हणून हात आपोआप ‘वाताशी’, ‘योरोशिकू’ असं लिहितो आणि मग जीभही तसंच ओढते. जपानीत ते ऱ्हस्व आहेत. शिवाय जपानी ‘आ’ हा आपल्या आ च्याच जागेचा, पण लांबी अ एवढी. ‘वाताशि’तले दोन्ही आ तोडून, आखूड म्हणायचे. उलट ‘क्योऽ’, ‘मोऽशिमास’ यांतले स्वर खरोखरच दुप्पट आहेत, ते आखूड केले तर शब्द हरवतो. यावर एकच इलाज: स्वतःची ओळख हिरागानात, म्हणजे जपानीच्या मूळ अक्षरलिपीत लिहा, देवनागरीत नको. हिरागाना मराठी माणसाला जड जाऊ नये. तिचा आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रमसुद्धा बौद्ध भिक्षूंनी जपानला नेलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आलाय. एक मात्र लक्षात ठेवा: ‘वाताशि वा’मधला वा लिहिताना ‘हा’चं अक्षर येतं.

आपल्याकडच्या काही गोष्टी मात्र फार कामाच्या आहेत. ‘हाजिमेमाश्ते’मधला जि हा ‘जीव’मधला ज, आणि ‘गोझाइमास’मधला झा हा ‘माझा’मधला झा. ‘इत्सु’ म्हणजे ‘केव्हा’, यातला त्सु म्हणजे आपल्या ‘चूल’मधला चू, फक्त आखूड. हे दोन-दोन ज आणि च आपल्याला बाळपणापासून येतात. वाक्यरचनाही आपलीच आहे: ‘इन्दो कारा किमाश्ता’, भारत-हून आलो, शब्दामागून शब्द तोच क्रम. म्हणून वाक्य मनात मराठीतून जुळवा, इंग्रजीतून नको. आणि ‘देस’, ‘शिमास’ यांच्या शेवटी उ लिहिलेला असला तरी तो जवळजवळ म्हणत नाहीत. ‘देसू’, ‘शिमासू’ असं ओढू नका.

वाकायचं कसं, हेही बरेच जण विचारतात. बोलायचं आणि वाकायचं एकाच वेळी नाही. ‘ओनेगाइ शिमास’ पूर्ण म्हणून, समोर बघून, मग कमरेतून साधारण ३० अंश वाकायचं. पाठ सरळ, हात पँटच्या शिवणीशी. वाकत वाकत बोललात तर आवाज जमिनीकडे जातो आणि नेमकं शेवटचं वाक्य ऐकू येत नाही. ४५ अंश वाकणं हे माफी मागताना किंवा फार मोठ्या आदरासाठी असतं, रोजच्या ओळखीत नको. नमस्कारासारखे हात जोडू नका. तिथे हात जोडतात ते देवळात आणि जेवणाआधी.

खरी परीक्षा नंतर, जेवणाच्या सुट्टीत असते. तुमचं पाठांतर इथे उघडं पडतं, कारण चौदा वाक्यं बोलून दाखवणाऱ्याला पहिला साधा प्रश्न कळत नाही. जेएलपीटी परीक्षेत बोलण्याचा भागच नाही, त्यामुळे एन-५ उत्तम गुणांनी पास झालेला मुलगाही इथे गडबडतो. प्रश्न ठरलेले असतात. ‘इन्दो नो दोचिरा देस का?’, भारतात कुठले. वर्गात तुम्ही ‘कुठे’साठी ‘दोको’ शिकता, तिथे माणसं अदबीनं ‘दोचिरा’ म्हणतात, आणि मुलं ‘दोन्हींपैकी कुठलं’ असा अर्थ लावून गोंधळतात. उत्तर ‘सातारा देस’ द्याच, पण तिथेच थांबलात तर पुढे संभाषण सरकत नाही. ‘मुन्बाइ कारा कुरुमा दे गो-जिकान गुराइ देस’, मुंबईहून गाडीनं पाच तास, असं जोडा. मुंबई त्यांना माहीत असते. मग ‘ओसुमाइ वा दोचिरा देस का?’, राहता कुठे: ‘काइशा नो र्योऽ देस’, कंपनीच्या वसतिगृहात. ‘निहोन्गो वा दोनो गुराइ बेन्क्योऽ शिमाश्ता का?’, जपानी किती दिवस शिकलात: जेवढे महिने झाले असतील तेवढे, सहा असतील तर ‘रोक्कागेत्सु देस’. नाही कळलं तर ‘सुमिमासेन, मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास’, माफ करा, पुन्हा एकदा सांगा. न कळता ‘हाइ, हाइ’ (हो, हो) म्हणत राहणं हे सगळ्यात वाईट, कारण कारखान्यात पुढे त्याच सवयीनं सुरक्षेची सूचनाही तुम्ही न कळता ‘हाइ’ म्हणून सोडून द्याल.

कोणीतरी नक्की म्हणेल, ‘निहोन्गो गा ओजोऽझु देस ने’, जपानी छान बोलता. ते प्रोत्साहन समजा. ‘आरिगातोऽ गोझाइमास. मादा मादा देस गा, गान्बारिमास’ एवढं म्हणा: धन्यवाद, अजून खूप शिकायचंय, प्रयत्न करीन.

बाजूला ठेवलेल्या नऊ वाक्यांतला छंद इथे बाहेर काढा. मात्र ज्याबद्दल पुढचे दोन प्रश्न झेपतील तोच छंद सांगा. ‘दोकुशो’, वाचन, म्हटलं की ‘कसली पुस्तकं?’ हे येणारच, आणि त्याचं उत्तर द्यायला तुमच्याकडे अजून शब्द नाहीत. क्रिकेट तिथे फारसं कोणी पाहत नाही. तुम्ही साताऱ्याचे, गड चढलेले असणार. ‘शुमि वा यामानोबोरि देस. इन्दो नो शिरो नि योकु इकिमास’, डोंगर चढायला आवडतं, भारतातल्या किल्ल्यांवर नेहमी जातो. जपानमध्ये डोंगर चढणारे घरोघरी आहेत आणि किल्ल्यांचं वेडही खूप आहे. नागोयाचा किल्ला तर तुमच्या मुक्कामापासून जवळच असेल. मोबाइलवर अजिंक्यताऱ्याचा एखादा फोटो हाताशी ठेवा.

वडिलांचा व्यवसाय, आईचं घरकाम हे कोणी विचारलं तरच. तिथल्या कामगार मंत्रालयानं तर नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराच्या घरच्यांबद्दल विचारू नये असं कंपन्यांना सांगून ठेवलंय. स्वतःचे वडील ‘चिचि’, आई ‘हाहा’. ‘ओतोऽसान’, ‘ओकाऽसान’ हे दुसऱ्याच्या आईवडिलांसाठी.

हे वाचणारे जे अजून मुलाखतीच्या टप्प्यावर आहेत त्यांच्यासाठी थोडं. मुलाखतीत ‘जिकोशोऽकाइ’ सांगा म्हटलं तर नाव, कॉलेज, विषय आणि एखादं वाक्य, मिनिटभराच्या आत. तुमची बलस्थानं काय, हा वेगळा प्रश्न असतो, त्याला ‘जिको पीआर’ म्हणतात आणि तो स्वतंत्र विचारतात. दोन्ही एकत्र केलं तर प्रश्न समजलाच नाही असा ग्रह होतो. आणि मुलाखत पुण्यातच असेल तर ‘कारा किमाश्ता’ऐवजी ‘नाशिकु शुस्शिन देस’, मी मूळचा नाशिकचा, असं म्हणा.

सरावाबद्दल एवढंच: रोज दोनदा, उभं राहून, फोनवर रेकॉर्ड करून. ऐकताना फक्त आपलं नाव आणि शेवटचं वाक्य तपासा. मग ते रेकॉर्डिंग तुमचं नाव माहीत नसलेल्या, वेगळ्या तुकडीतल्या विद्यार्थ्याला ऐकवा आणि जे ऐकू आलं ते काताकानात लिहायला सांगा. त्यानं ‘शिन्दे’ लिहिलं, की उच्चार ठीक आहे.

रुजू झाल्यावर काही दिवसांत नव्या माणसासाठी जेवण ठेवतात, कान्गेइकाइ. तिथे पुन्हा दोन शब्द बोलायला लावतील. तुम्ही शाकाहारी असाल तर ते तिथे नको, चार दिवस आधी आयोजकाला सांगा: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. तामागो वा दाइजोऽबु देस’, मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. नुसतं ‘बेजितारियान’ म्हणू नका. माशापासून केलेला दाशि हा रस्सा पुष्कळ पदार्थांत असतो आणि तो बऱ्याच जणांच्या मनात मासा म्हणून येतच नाही. तो चालत नसेल तर ‘दाशि मो ताबेमासेन’ हे वेगळं सांगावं लागेल.